ली जियानरौचं गोल्ड आणि 500 मीटरची ती फायनल

13 फेब्रुवारी 2014, सोची ऑलिंपिक, महिलांची शॉर्ट ट्रॅक 500 मीटर फायनल. चौघीजणी लाईनवर. कोरियाची पार्क सुंग-ही सुटली ती सरळ पुढे, तिच्या मागे इटलीची आरियाना फोंताना आणि ब्रिटनची एलिस क्रिस्टी एकमेकींना खेटून, आणि सगळ्यात मागे चीनची ली जियानरौ. रेस जेमतेम रंगात येतेय तोवर क्रिस्टी आतून घुसायला गेली, फोंतानाला लागली, दोघींचा तोल गेला आणि जाता जाता पुढच्या पार्कलाही घेऊन गेल्या. तिघी आडव्या, घसरत कडेच्या पॅडकडे. मागून ली आली, मोकळ्या बर्फावरून निघून गेली आणि उरलेली सगळी रेस एकटीच स्केट करत राहिली. 45.263 सेकंद. गोल्ड.

तेव्हापासून जिथे जिथे या रेसचा व्हिडिओ दिसतो तिथे खाली लोकांचं एकच चालू असतं, नशीब बघा, लॉटरी लागली, शेवटून पहिली. आणि मग 2002 च्या सॉल्ट लेक सिटीतल्या स्टीव्हन ब्रॅडबरीचं नाव निघतंच, तो ऑस्ट्रेलियाचा, पुरुषांच्या 1000 मीटर फायनलमध्ये पुढचे सगळे एकदम पडले आणि हा मागून आरामात येऊन जिंकला. दोघांना एकाच खात्यात टाकायचं आणि मोकळं व्हायचं. मला हे पटत नाही. आधीही पटत नव्हतं, पण गेल्या काही महिन्यांत आमच्या घरात एक प्रसंग झाला (खाली सांगते) आणि तेव्हापासून तर ली जियानरौबद्दल कोणी असं बोललं की मला राहवतच नाही, म्हणून आज लिहायलाच बसले.

ज्यांनी शॉर्ट ट्रॅक कधीच बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं. आईस हॉकीचं असतं तेच रिंक, 60 मीटर बाय 30 मीटर, त्यात 111.12 मीटरचा लंबगोल ट्रॅक. लेन वगैरे काही नाही, सगळ्या एकत्र सुटतात आणि घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. 500 मीटर म्हणजे साडेचार फेऱ्या. प्रत्येक कॉर्नरला सात काळे रबरी ठोकळे ठेवलेले असतात, त्यांच्या बाहेरूनच वळायचं, आतून गेलात की बाद. बर्फावर चिकटवलेले नसतात ते, पाय लागला की उडतात, मग कडेला उभा असलेला माणूस पुढची फेरी यायच्या आत पळत जाऊन तो पुन्हा जागेवर ठेवतो, हे सगळं चालू रेसमध्ये. मला त्या माणसांचं फार कौतुक वाटतं. आणि दोन रेसच्या मध्ये बादल्या घेऊन लोक येतात, कॉर्नरला ब्लेडने जे चरे पडलेत त्यावर पाणी ओततात, ते गोठलं की पुन्हा गुळगुळीत. तरीही एकाच जागी सतत वळून बर्फ खणला जाऊ नये म्हणून अख्खा ट्रॅकच थोडा थोडा सरकवतात, ठोकळे उचलायचे आणि पुढच्या खुणेवर ठेवायचे.

आता ब्लेड. जाडी एक मिलिमीटरच्या किंचित वर, बस्स. सरळ नसतं, डावीकडे वळायचं असतं म्हणून तेही डावीकडे हलकं वाकवलेलं असतं, आणि बुटाच्या मधोमध न लावता डाव्या बाजूला सरकवून लावतात, कारण कॉर्नरला शरीर इतकं आत झुकतं की मधोमध लावलं तर बुटाची कडच बर्फाला घासेल. डाव्या हाताच्या ग्लोव्हजना बोटांच्या टोकाला कडक गोळ्या असतात, कॉर्नर घेताना ती बोटं बर्फावर टेकतात आणि अलगद सरकतात. हे स्लो मोशनमध्ये बघा एकदा, ताशी 45 किलोमीटरच्या वर स्पीड, अख्खं शरीर आडवं व्हायच्या बेतात आणि आधाराला बोटांची टोकं. डोक्याला हेल्मेट, गळ्याला गार्ड, अंगावर ब्लेडने कापला जाणार नाही असा सूट, कारण पडल्यावर शेजारणीच्या पायातलं ते पातं कुठे येईल सांगता येत नाही.

आणि 500 मीटरचं वेगळं काय, तर वेळच नाही. 1500 ला साडेतेरा फेऱ्या असतात, कोणी मागे बसून राहतं, दुसरीच्या मागे हवेचा मार कमी लागतो तो फायदा घेत, शेवटच्या तीन-चार फेऱ्यांत पुढे येतं. कोरियाच्या मुली यात वस्ताद. पण 500 ला बंदूक वाजली की पहिली काही पावलं बर्फावर चक्क धावत जायचं, सरकत नाही, धावत, पाय फाकवून ब्लेडच्या कडांवर, आणि पहिल्या कॉर्नरला जी आधी पोचली तिच्या हातात रेस. म्हणूनच असेल कदाचित, पण इतकी ताकद असलेल्या कोरियाला 1992 पासून बीजिंगपर्यंत महिलांच्या 500 मीटरचं ऑलिंपिक गोल्ड एकदाही मिळालं नाही, दोन ब्राँझ फक्त. मागून ओव्हरटेक करायचं तर दोनच रस्ते, बाहेरून गेलात तर अंतर वाढतं आणि वेळ साडेचार फेऱ्यांचाच, आतून गेलात तर जागाच नसते. आणि नियम असा की जी पुढे आहे तिचा रस्त्यावर हक्क, ओव्हरटेक करणारीने धक्का लागू न देता जायचं ही तिची जबाबदारी. लागला तर पेनल्टी, रेस झाल्यावर रेफ्री व्हिडिओ बघतात आणि मेडल घेऊन हसणारीला सुद्धा बाद करतात.

म्हणजे क्रिस्टीने जे केलं त्यात गुन्हा काही नव्हता, तिला फट दिसली आणि ती गेली, अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं ते. पण फट पुरेशी नव्हती. मग तिला बाद केलं. आणि ली मागे होती तिने ती फट घेतली नाही. लोक हे बघतच नाहीत! समोर तिघी एकदम कोसळतायत, सहा ब्लेड हवेत कुठेही जातायत, आणि तुम्ही त्यांच्या अंगावर न जाता, ठोकळ्याला न अडकता, न घाबरता त्यातून बाहेर काढताय स्वतःला, आणि काढल्यावर हबकून न जाता उरलेल्या फेऱ्या नीट स्केट करताय. रिकाम्या ट्रॅकवर एकटी असताना, मागे काय चाललंय माहीत नसताना, हातात ऑलिंपिक गोल्ड येतंय हे कळत असताना एकही कॉर्नर न चुकवणं सोपं असेल असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी कुठली रेस लावलेली नाही.

शिवाय ती फायनलला पोचली कशी हे तरी बघा. चीनच्या या रेसची राणी वांग मेंग, 2006 आणि 2010 दोन्हीचं गोल्ड तिचं, तिचा सोचीच्या जेमतेम महिनाभर आधी प्रॅक्टिसमध्ये घोटा मोडला. दुसरी फॅन केशिन, सगळे म्हणत होते आता हीच, ती सेमीफायनलला पडली. त्याच्या आधी 2002 ला यांग यांगने हीच रेस जिंकून चीनला विंटर ऑलिंपिकचं पहिलंवहिलं गोल्ड दिलेलं, म्हणजे सलग तीन ऑलिंपिक ही रेस चीनकडे होती आणि चौथ्या वेळी ते सगळं ओझं आलं लीवर, जिचं नाव रेसच्या आदल्या दिवशी फारसं कोणी घेत नव्हतं. हीट, क्वार्टर, सेमी, प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी पडतं, बाद होतं. जिंकायचं तर या सगळ्यातून उभं राहून पुढे जायचं, ही रेसच तशी आहे. पडणं हा त्या खेळाच्या बाहेरचा अपघात नाही हो, तो त्या खेळाचाच भाग आहे, आणि न पडणं हे कौशल्य आहे.

आता आमच्या घरातलं. माझी भाची स्केटिंग करते, इनलाइन, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या स्केट्सवर. ताई मुलुंडला राहते, मुलीची प्रॅक्टिस कधी रिंकवर, कधी पहाटे रस्त्यावर ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत, आणि पावसाळ्यात विचारू नका, उघड्या रिंकवर शेवाळ धरतं, सिमेंट कधी सुकेल याची वाट बघण्यात जून ते सप्टेंबर जातो. मी रविवारी बऱ्याचदा जाते सोबत. मला त्या मुलींचं सगळं बघायला आवडतं, बेंचवर बसून ॲलन कीने चाकं काढतात आणि अदलाबदल करतात, उजव्या पायाची डावीकडे, पुढची मागे, कारण सतत डावीकडेच वळल्यामुळे चाकं एका कडेने झिजून तिरकी होतात, हातावर घेतलं की दिसतं, एक बाजू गोल आणि एक बाजू सुरीसारखी. बेअरिंग पेट्रोलमध्ये धुवून पेपरवर वाळत घातलेली असतात. नऊ-दहा वर्षांच्या पोरी हे सगळं स्वतः करतात.

तर एका स्पर्धेत तिची 500 मीटरची फायनल होती. ती तिसरी होती. शेवटच्या लॅपला पुढच्या दोघी कॉर्नरला एकमेकींच्या पायात आल्या, पडल्या, ही बाहेरच्या बाजूने निघाली आणि पहिली आली. आम्ही ओरडलो, ताई तर रडायलाच लागली. पण शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलींच्या आयांमध्ये लगेच सुरू झालं, अगं त्या पडल्या म्हणून, नाहीतर कुठली, लक आहे. हळू आवाजात नाही, चांगलं ऐकू येईल असं. ती मेडल घेऊन आली ते मुठीत धरून. फोटो काढू दिला नाही. गाडीत बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, "मावशी, त्या पडल्या म्हणून मी आले ना पहिली?"

ताई म्हणाली जाऊ दे गं, लोक काय बोलतात. पण लोक काय बोलतात हा प्रश्नच नव्हता तिचा, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं तू बाहेरून का गेलीस? तर म्हणाली त्या दोघी आधीच्या कॉर्नरपासून एकमेकींना घासत होत्या, सर म्हणतात अशा वेळी आत नाही घुसायचं, म्हणून मी थोडी जागा ठेवून होते. म्हटलं मग? तू बघितलंस, ठरवलंस, जागा ठेवलीस, आणि त्यांनी नाही ठेवली. यात नशीब कुठे आलं? त्या संध्याकाळी तिला सोचीची फायनल दाखवली. तिने ती पुन्हा पुन्हा मागे घेऊन बघितली, आणि बघता बघता एकदम म्हणाली, "ही पार्क बघ ना, ही उठतेय!"

हो, पार्क. या रेसमध्ये माझा जीव जिच्यावर आहे ती खरं तर पार्क सुंग-ही. सगळ्यात पुढे होती, स्वतःची काही चूक नाही, मागून येऊन धडकल्या आणि तिला आडवं केलं. तर ती उठली. उठून धावायला गेली आणि घाईत पुन्हा पडली. पुन्हा उठली. आणि रेस पुरी केली. क्रिस्टी बाद झाली त्यामुळे पार्कला ब्राँझ मिळालं. तिला त्या क्षणी काय माहीत होतं की मेडल आहे? तिला इतकंच माहीत होतं की या खेळात लाईन पार करायची असते, कोण बाद होईल, कोण पोचणार नाही, ते नंतर. त्या पडण्यात तिचा गुडघा दुखावला आणि 1500 मीटर सोडावी लागली. आणि मग त्याच ऑलिंपिकमध्ये तिने 1000 मीटरचं गोल्ड जिंकलं, रिलेचंही जिंकलं. पुढे तिने शॉर्ट ट्रॅक सोडून मोठ्या 400 मीटरच्या ट्रॅकवरचं स्पीड स्केटिंग धरलं आणि 2018 ला घरच्या ऑलिंपिकला त्यात उतरली. अशी बाई.

क्रिस्टीचं मात्र फार वाईट वाटतं. सोचीनंतर तिला ऑनलाईन इतकं घाणेरडं लिहिलं गेलं, जिवे मारण्याच्या धमक्यांपर्यंत. का तर आमची मुलगी पाडली. तिने नंतर 2016 ला 42.335 सेकंदांचा वर्ल्ड रेकॉर्ड केला या 500 मीटरमध्ये, 2017 ला वर्ल्ड चॅम्पियन झाली, म्हणजे तिच्यात दम नव्हता असं कोणी म्हणूच शकत नाही, पण 2018 ला 500 च्या फायनलमध्ये पुन्हा पडली आणि ऑलिंपिक मेडल तिला कधीच मिळालं नाही. त्याच 2018 च्या फायनलमध्ये कोरियाची चोई मिन-जोंग दुसरी आली होती, तिला पेनल्टी लागली आणि कॅनडाची किम बुटाँ चौथीवरून ब्राँझवर गेली, तर बुटाँलाही तेच, धमक्या, शिव्या, तिला अकाउंट बंद ठेवावं लागलं. रेफ्रीने व्हिडिओ बघून दिलेला निर्णय, त्यात त्या मुलीचा काय संबंध? घरात बसून मोबाईलवर असलं टाईप करणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो. आणि ज्या आया रिंकच्या कडेला उभ्या राहून दहा वर्षांच्या मुलीला ऐकू येईल असं बोलतात ना, ती याचीच सुरुवात आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

तशी ही रेस पहिल्यापासून भांडणांचीच. 1992 ला आल्बरव्हिलला शॉर्ट ट्रॅक पहिल्यांदा मेडलसाठी आलं (1988 ला कॅल्गरीला नुसतं प्रदर्शनी म्हणून होतं), तेव्हा अमेरिकेची कॅथी टर्नर जिंकली, 1994 ला लिलहॅमरला पुन्हा तीच, आणि त्या वेळी दुसरी आलेली चीनची झांग यानमेई इतकी चिडली होती की टर्नरने माझा पाय धरला म्हणत मेडलच्या कार्यक्रमातून पोडियम सोडून निघून गेली. 1998 ला नागानोला फायनलमधली एकजण पोचलीच नाही, एक बाद झाली, तर तिसरी कोणाला करायचं? तेव्हा बी फायनल जिंकलेल्या चुन ली-क्युंगला ब्राँझ मिळालं. बी फायनल म्हणजे सेमीला हरलेल्यांची रेस, तिथे मेडल नसतं, निव्वळ पाचवी-सहावी जागा ठरवायची, आणि चुन काही कोणी नवखी नव्हती, आधीच्या ऑलिंपिकची 1000 मीटरची चॅम्पियन होती, तिने म्हटलं असतं की कशाला दमायचं, तर कोणी काही बोललं नसतं. ती पूर्ण ताकदीने धावली आणि बी फायनल जिंकली, म्हणून नंतर जेव्हा वर जागा रिकामी झाली तेव्हा ती तिला मिळाली. आता हिलाही लॉटरी म्हणणार?

आणि आरियाना फोंताना! हिच्यावर खरं तर वेगळं लिहायला हवं. 2006 ला तोरिनोला, घरच्या ऑलिंपिकला, 15 वर्षांची असताना रिलेचं ब्राँझ. 2010 ला व्हँकुव्हरला 500 चं ब्राँझ, त्या रेसमध्ये वांग मेंग पहिली आणि कॅनडाची मरियान सँ-जेले दुसरी, आणि त्या दिवशी मरियानचा विसावा वाढदिवस होता, घरच्या लोकांसमोर वाढदिवसाला ऑलिंपिक सिल्व्हर, काय दिवस असेल तो. 2014 ला सोचीत फोंताना पडली, उठली, सिल्व्हर. म्हणजे ब्राँझ, मग सिल्व्हर. आणि मग 13 फेब्रुवारी 2018, तारीख बघा, बरोब्बर चार वर्षांनी त्याच दिवशी, कोरियात गांगनुंगला पुन्हा 500 ची फायनल, यावेळी ती पुढे होती आणि शेवटच्या वळणानंतर चोई बाहेरून बरोबरीला आली, दोघींनी लाईनवर पाय पुढे फेकला. आपल्याकडे कबड्डीत रेडर बोनस लाईनसाठी जसा पाय ताणतो तसा, अंग मागे आणि पाय पुढे, कारण मोजलं जातं ते ब्लेडचं टोक, पण ब्लेड बर्फावरून उचलायचं नाही. फोटो बघून ठरवावं लागलं. फोंताना गोल्ड. तिचा कोच तिचा नवराच, अँथनी लोबेलो, तो स्वतः अमेरिकेकडून शॉर्ट ट्रॅक खेळलेला.

बीजिंगला 2022 ला ती 31 वर्षांची होती, समोर नेदरलँड्सची सुझान शुल्टिंग, वयाने लहान, ताकदीने जबरदस्त, सगळ्यांना वाटत होतं आता हिचीच वेळ. फोंताना 42.488, शुल्टिंग 42.559. सेकंदाच्या शंभरातले सात भाग. लाईन पार केल्यावर ती जी काय ओरडलीय, मी तो भाग सारखा बघते. बीजिंगपर्यंत पाच ऑलिंपिक आणि 11 मेडल, शॉर्ट ट्रॅकमध्ये तेवढी कोणाचीच नव्हती. आणि ही बाई लहानपणी चाकांवरूनच सुरू झालेली, रोलर स्केटिंगवरून बर्फावर आलेली. हे भाचीला सांगितलं तर तिचे डोळे असे मोठे झाले. अशा बऱ्याचजणी आहेत म्हटलं, अमेरिकेची एरिन जॅक्सन तर इनलाइनची खेळाडू, बर्फावर उशिरा आली आणि बीजिंगला मोठ्या ट्रॅकवरची 500 मीटर जिंकली.

मग अर्थात पुढचा प्रश्न आलाच की आपल्याकडे बर्फ कुठे आहे.

मुंबईत माझ्या पिढीने बर्फ बघितला तो एस्सेलवर्ल्डला. गोराईची बोट, आणि आत ते छोटं आईस स्केटिंग रिंक, भाड्याचे जड बूट, सगळे कठड्याला धरून गोल गोल. तेही आता नाही, एस्सेलवर्ल्डच बंद झालं. मॉलमध्ये बर्फात खेळायच्या जागा आहेत पण त्यावर रेस शिकता येत नाही, 30 मीटर रुंदीच नसते, कॉर्नर कुठून घेणार. गुरगावच्या मॉलमधल्या रिंकवर बरीच मुलं शिकली, तेही पूर्ण मापाचं नाही. लेहला थंडीत खेलो इंडिया विंटर गेम्स होतात, तिथे महाराष्ट्राची मुलं जातात, ज्या राज्यात बर्फ पडत नाही तिथली मुलं चाकांवर तयार होऊन थेट लेहच्या थंडीत आणि उंचीवर जाऊन रेस मारतात, याची बातमी आपल्या पेपरात कुठेतरी कोपऱ्यात येते. आणि देहरादूनचं रिंक, 2011 च्या साउथ एशियन विंटर गेम्ससाठी बांधलं, पूर्ण ऑलिंपिक मापाचं, आणि मग वर्षानुवर्षं बंद पडून होतं. विजेचा खर्च, देखभाल, कोण करणार. ते 2025 ला पुन्हा सुरू झालं आणि ऑगस्टमध्ये तिथे शॉर्ट ट्रॅकची एशियन ओपन स्पर्धा झाली, बाहेरच्या देशांची मुलं आपल्याकडे येऊन आपल्या बर्फावर खेळली. मला किती आनंद झाला सांगू. म्हणजे एक जागा तरी आहे. मुंबईहून लांब आहे, पण आहे, छताखाली आहे, शेवाळ धरत नाही.

तर ताई आता खरंच विचार करतेय की पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलीला तिकडे न्यायचं. सर म्हणतात कॉर्नरचं टेक्निक बरंचसं तेच, झुकणं, क्रॉसओव्हर म्हणजे उजवा पाय डाव्यावरून टाकणं, डावा पाय अंगाखालून बाहेर ढकलणं, फरक पडतो तो ब्लेडवर विश्वास ठेवायला, कारण चाक घासलं की पकड जाणवते आणि ब्लेडची कड जाते तेव्हा काहीच न सांगता जाते. ब्लेडला धार लावायची ते पण वेगळंच शास्त्र, दोन्ही ब्लेड एका जिगमध्ये, म्हणजे पकडून ठेवणाऱ्या चौकटीत, उलटी बसवायची आणि वर दगड फिरवायचा, हाताने, आणि खेळाडू ते स्वतः करतात. भाचीने त्याचे व्हिडिओ आधीच बघून ठेवलेत.

तुम्ही जर आज पहिल्यांदाच बघणार असाल तर सोचीची 500 ची फायनल बघा पण गोल्डसाठी नका बघू, आधी फक्त लीकडे बघा, मग परत लावून फक्त पार्ककडे. आणि लगेच त्याच सोचीची 1000 मीटरची फायनल लावा, शेवटच्या सरळ पट्ट्यात पार्क पुढे आहे आणि मागून फॅन केशिन अक्षरशः हात लांब करते तिला पकडायला. पार्क निसटते.

आणि मुंबई-ठाण्यातल्या कोणी मुलांना देहरादूनला नेलं असेल तर कृपया लिहा, राहायची सोय रिंकच्या किती जवळ मिळते, शॉर्ट ट्रॅकचे बूट तिथे भाड्याने मिळतात का की फक्त हॉकीचे, आणि दहा वर्षांच्या मुलीच्या मापाचे मिळतात का. ताई यादी करायला बसली आहे.